नाकारलेल्यांचा हिशेब

गूगल, मायक्रोसॉफ्ट, मेटा, अ‍ॅमेझॉन यांसारख्या कंपन्यांत सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचं तर ज्या मुलाखती द्याव्या लागतात, त्यांच्याबद्दलचा वाद आता जुना झाला आहे. एका बाजूचे म्हणतात, या मुलाखतींत जे विचारतात ते नोकरीत कधी करावंच लागत नाही, ही निव्वळ घोकंपट्टी आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, याच मुलाखतींतून निवडलेल्या माणसांनी अब्जावधी लोक वापरतात ती सॉफ्टवेअर उभी केली, मग पद्धतीत खोट कुठे आहे? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघांचाही पुरावा तोकडा आहे, कारण पुरावा जिथे सापडला असता तिथे सहसा कुणी बघतच नाही. निवडलेली माणसं कंपनीत येतात, त्यांचं काम दिसतं, दरवर्षी त्यांचं मूल्यमापन होतं. नाकारलेली माणसं निघून जातात. त्यांच्यातल्या कितीजणांनी तिथे उत्तम काम केलं असतं, याची नोंद होत नाही. माझ्या मते या पद्धतीचं मूळ दुखणं हेच आहे. चुकीच्या नकाराची झळ कंपनीला बसत नाही, म्हणून तो नकार कधी मोजला जात नाही. प्रश्न अवघड असतात, अल्गोरिदमवर भर असतो, तयारीत महिने जातात, या सगळ्या तक्रारी त्या एका गोष्टीच्या मागून येतात.

आधी ही मुलाखत असते कशी ते पाहू. रिक्रूटरचा फोन, मग एक प्राथमिक फेरी आणि ती पार पडली की साधारण पाऊण-पाऊण तासाच्या चार-पाच फेऱ्या. फेरीतली पहिली काही मिनिटं ओळखीत जातात, शेवटची काही उमेदवाराच्या प्रश्नांसाठी राखलेली असतात. मधल्या पस्तीसएक मिनिटांत, पूर्वी पांढऱ्या फळ्यावर आणि आता स्क्रीनवरच्या कोऱ्या पानावर, कोड लिहायचा. तो चालवून बघायची सोय बरेचदा नसते. प्रश्न साधारण असा: आकड्यांची एक रांग दिली आहे, तिच्यात सलग आकड्यांचे असे तुकडे किती आहेत ज्यांची बेरीज अमुक इतकी येते? उमेदवाराने आधी सरधोपट उत्तर सांगायचं. रांग दुप्पट झाली की त्या उत्तराला चौपट वेळ लागतो, हेही स्वतःच सांगायचं. 'याहून बरं काही करता येईल?' असं विचारलं गेलं की रांगेतून एकदाच जात, आलेल्या बेरजा हॅश मॅप नावाच्या तक्त्यात साठवत, उत्तर काढून दाखवायचं. आणि हे सगळं मोठ्याने बोलत. गप्प बसून विचार केला तर संवादात कच्चा, असा शेरा पडायची धास्ती असते. मुलाखत घेणारा नंतर सविस्तर टिपण लिहितो. गूगलमध्ये निर्णय त्याच्या एकट्याच्या हातात नसतो. उमेदवाराला कधी न भेटलेली एक समिती ती सगळी टिपणं वाचून शिफारस करते. अनुभवी माणसाला याशिवाय सिस्टिम डिझाइनची फेरी असते, अ‍ॅमेझॉनमध्ये कंपनीच्या 'लीडरशिप प्रिन्सिपल्स'वर बेतलेले प्रश्न असतात. पण उमेदवारांची झोप उडते ती कोडिंगच्या फेऱ्यांनी.

ही पद्धत एका जुन्या पद्धतीला पर्याय म्हणून रुळली, हे मान्य करायला हवं. १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या मुलाखती कोड्यांसाठी प्रसिद्ध होत्या. मॅनहोलचं झाकण गोल का असतं, हा त्यातला सर्वांत गाजलेला प्रश्न. २००४ मध्ये गूगलने सिलिकॉन व्हॅलीत रस्त्याकडेला एक भलीमोठी पाटी लावली होती. 'ई' या गणिती स्थिरांकाच्या दशांश अंकांत सलग सापडणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा, तीच वेबसाइटचा पत्ता, एवढंच तिच्यावर होतं, कंपनीचं नावही नव्हतं. ज्यांना ती सापडली ते पुढच्या कोड्यापाशी आणि तिथून गूगलच्या भरतीपाशी पोचले. २०१३ च्या जूनमध्ये गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं की अशी कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, त्यांतून काहीच कळत नाही. कोड्यांच्या मानाने कोडिंगचा प्रश्न निश्चितच बरा, त्याचा कामाशी काहीतरी संबंध आहे.

त्याच मुलाखतीत बॉक यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिचा अर्थ पुढे दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने लावला. गूगलने आपल्याच हजारो मुलाखतींचा अभ्यास केला होता: कुणी मुलाखत घेतली, त्याने किती गुण दिले आणि तो उमेदवार पुढे कामात कसा निघाला. गुण आणि काम यांत कसलाही संबंध दिसला नाही. एक माणूस तेवढा अपवाद होता, आणि तो फक्त स्वतःच्या अतिविशिष्ट विषयातल्याच उमेदवारांच्या मुलाखती घ्यायचा. टीकाकारांनी यावरून निकाल लावला की मुलाखत कुचकामी आहे. तो निकाल घाईचा होता. हा अभ्यास निवडलेल्यांपुरताच होऊ शकत होता, कारण कामाची माहिती फक्त त्यांचीच होती. ज्यांना कमी गुण पडले ते आत आलेच नाहीत. सगळेच चांगले गुण मिळवून आले असतील, तर त्यांच्यातल्या थोड्याफार फरकाचा कामाशी संबंध दिसेनासा होणं स्वाभाविक आहे. मुलाखत उपयोगी असूनही असा निष्कर्ष निघू शकतो. पण हाच युक्तिवाद उलटाही लागू पडतो, आणि इथे पद्धतीचे समर्थक गप्प होतात. 'आमची माणसं उत्तम आहेत, म्हणजे आमची चाळणी उत्तम आहे' हे वाक्यही निवडलेल्यांकडे बघूनच म्हटलेलं असतं. लाखांनी अर्ज येत असतील, मोठा पगार आणि मोठं नाव यांच्यामुळे देशोदेशीचे हुशार लोक रांगेत उभे असतील, तर बऱ्यावाईट कुठल्याही चाळणीतून चांगलीच माणसं पडतील. चाळणीचं श्रेय किती आणि रांगेचं किती, हे आत आलेल्यांकडे बघून कधीच कळणार नाही.

पीटर नॉर्विग हे गूगलच्या संशोधन विभागाचे दीर्घकाळ प्रमुख. पीटर सीबेल यांच्या २००९ साली आलेल्या 'कोडर्स अ‍ॅट वर्क' या पुस्तकात त्यांनी याचा एक विलक्षण नमुना सांगितला आहे. मुलाखतीत एक ते चार असे गुण देत असत. नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसलं की एखाद्या फेरीत सर्वांत खालचा, म्हणजे एकच गुण मिळूनही जे आत आले, ते पुढे कामात फार चांगले निघाले. याचा अर्थ कमी गुण मिळवणं चांगलं, असा अर्थातच नाही. एक गुण मिळालेले जवळजवळ सगळे नाकारले गेले होते. जे थोडे आत आले त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी टेबलावर मूठ आपटून भांडण केलं होतं, कारण त्याला त्या माणसात काहीतरी असामान्य दिसलं होतं. प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धा जिंकलेले लोक गूगलमध्ये कामात किंचित मागे पडतात, असंही निरीक्षण नॉर्विग यांनी पुढे मांडलं होतं. त्याचंही स्पष्टीकरण याच धाटणीचं असू शकतं. आधीच चाळलेल्या गटात असे भास होतात, हे संख्याशास्त्रात जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्येच दाखवून दिलं होतं. फक्त रुग्णालयात दाखल झालेल्यांची आकडेवारी बघितली तर दोन असंबद्ध आजारांत नसलेलं नातं दिसू लागतं. म्हणजे आतल्या माणसांच्या आकडेवारीवरून मुलाखतीची बाजू घ्या किंवा तिच्यावर तुटून पडा, पाया कच्चाच राहतो.

मग नाकारलेल्यांबद्दल कधी काही कळलंच नाही का? अगदी तसं नाही. एक उदाहरण वैद्यकीय शिक्षणातलं आहे आणि ते सॉफ्टवेअरवाल्यांनी मुळातून समजून घ्यावं असं आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ह्यूस्टनमधल्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९७९ मध्ये सुमारे ८०० जणांच्या मुलाखती घेतल्या, त्यांची क्रमवारी लावली आणि वरच्या ३५० मधून १५० जणांना प्रवेश दिला. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने आणखी ५० जागा भरायला सांगितलं. तोवर वरच्या क्रमांकाची मुलं इतरत्र गेलेली. उरली होती ती ७०० ते ८०० या क्रमांकांतली, म्हणजे मुलाखतीत तळाला गेलेली. त्यांतले ५० घेतले गेले. त्यांच्यातल्या बहुतेकांना दुसऱ्या कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाने घेतलं नव्हतं. पुढे दोन्ही गटांची अभ्यासातली आणि रुग्णालयातली कामगिरी ताडून पाहिली, तर अर्थपूर्ण फरक सापडला नाही. हे निष्कर्ष १९८७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. मुलाखत घेणारे अनुभवी प्राध्यापक होते, त्यांच्या हेतूत खोट नव्हती. ती क्रमवारी म्हणजे गुणवत्तेची क्रमवारी, असा त्यांचा प्रामाणिक विश्वास असणार. वरून हुकूम आला नसता तर तो विश्वास तसाच राहिला असता.

वैद्यकीय विद्यार्थ्यांची मुलाखत आणि कोडिंगची मुलाखत एक नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. कोडिंगच्या फेरीत निदान उत्तर चूक की बरोबर हे तपासता येतं. म्हणून गूगलचंच उदाहरण घेऊ. बॉक यांनी २०१५ च्या 'वर्क रूल्स' या पुस्तकात सांगितलं आहे की २०१० मध्ये कंपनीने नाकारलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांचे तीन लाख जुने अर्ज पुन्हा तपासले, त्यांतल्या दहा हजारांकडे नव्याने पाहिलं आणि १५० जणांना नोकरी दिली. दहा हजारांत दीडशे म्हणजे दीड टक्का. हा आकडा लहान वाटेल, पण बॉक यांच्याच हिशेबाप्रमाणे नेहमीच्या भरतीत हे प्रमाण पाव टक्का होतं. नाकारलेल्यांच्या ढिगात निवडक हात घातला तर ताज्या अर्जांच्या सहापट माणसं कामाची निघाली. हा प्रयोग गूगलने केला आणि त्याबद्दल उघडपणे लिहिलं, याचं श्रेय द्यायलाच हवं. खेद याचा की असा प्रयोग उद्योगाचा रिवाज झाला नाही.

तो न होण्यामागे एक तत्त्व आहे आणि ते या कंपन्या लपवत नाहीत: चांगला माणूस हातचा गेला तरी चालेल, पण चुकीचा माणूस आत येता कामा नये. चुकीच्या माणसाला काढणं अवघड, त्याने लिहिलेला कोड इतरांनी निस्तरायचा, सगळ्या टीमचा वेग मंदावतो. यात काहीच खोटं नाही. पण हे तत्त्व पाळायचं तर एका नकारापायी किती गमावतो आहोत, हे माहीत असायला हवं. कंपनीला चुकीच्या होकाराची किंमत कळते, कारण ती तिच्या डोळ्यांसमोर उलगडते. चुकीच्या नकाराची किंमत तिने शून्य धरली आहे, ती मोजून नव्हे तर मोजली नाही म्हणून. आणि ती किंमत नाहीशी झालेली नसते, उमेदवाराच्या गळ्यात पडलेली असते. एकेका फेरीचा निर्णय किती ठिसूळ असतो हे लक्षात घेतलं, की ती किती मोठी आहे याचा अंदाज येतो.

बायनरी सर्चचंच बघा. क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध बघायचं, हवी ती गोष्ट कुठल्या अर्ध्यात आहे ते ठरवायचं, दुसरं अर्धं सोडून द्यायचं. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात आणि मुलाखतीत या ना त्या रूपात हमखास येतं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी नोंदवलं आहे की ही पद्धत १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली, पण सर्व लांबीच्या याद्यांवर बिनचूक चालणारी आवृत्ती यायला १९६० उजाडलं. दुसरे संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली हे व्यावसायिक प्रोग्रॅमरांच्या वर्गात हाच कोड लिहायला देत. चांगले दोन-दोन तास देऊनही सुमारे नव्वद टक्के लोकांच्या कोडमध्ये चूक निघायची. २००६ मध्ये तेव्हा गूगलमध्ये असलेल्या जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं की त्यांनी स्वतः जावा या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी लिहिलेल्या बायनरी सर्चमध्येही चूक होती आणि ती नऊएक वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. चूक एका ओळीत होती. मधला क्रमांक काढायला दोन टोकांचे क्रमांक मिळवून दोनाने भागले होते. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेपलीकडे जाऊ शकते, तशी गेली की ऋण होते आणि प्रोग्रॅम कोसळतो. बेंटलींच्याच एका पुस्तकात ज्या कोडची अचूकता सिद्ध करून दाखवली होती, त्यातही हीच ओळ होती.

आता मुलाखतीच्या खोलीत या. आज तयारी करून आलेला उमेदवार ती ओळ सुरक्षित पद्धतीनेच लिहितो, कारण असं लिहायचं असतं हे त्याने पाठ केलं आहे. मुलाखत घेणाऱ्याच्या टिपणात 'बारकाव्यांकडे लक्ष' असा शेरा पडतो. दुसरा कुणी जुनी ओळ लिहितो, किंवा शेवटचं टोक एकाने चुकवतो, आणि त्याच्या टिपणात त्याची नोंद होते. पहिल्याला ती चूक स्वतःहून सापडली असती का आणि दुसऱ्याला कोड एकदा चालवून बघू दिला असता तर ती सापडली असती का, या नोकरीच्या दृष्टीने खऱ्या प्रश्नांबद्दल त्या पाऊण तासात काहीच कळलेलं नसतं. ज्या ओळीने नामवंतांना दगा दिला तिच्यावरून एका माणसाचा निकाल लावणं हे मोजमाप फारच जाडंभरडं आहे. शिवाय अशा चार-पाच फेऱ्यांतली एक बिघडली तरी पारडं नकाराकडे झुकायला पुरतं, कारण तत्त्वच तसं आहे.

याचा भार कुणावर पडतो ते उघड आहे. गेल मॅकडॉवेल यांचं 'क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू' हे तयारीचं पुस्तक २००८ मध्ये आलं, २०१५ ची सहावी आवृत्ती १८९ प्रश्नोत्तरांची आहे. त्यानंतर लीटकोडसारख्या साइटवर प्रश्नांचे हजारो नमुने जमा झाले आणि कुठल्या कंपनीने अलीकडे काय विचारलं याच्या याद्या विकत मिळू लागल्या. पुण्यात किंवा नागपुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली मुलं आज 'डीएसए' करतात, म्हणजे डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम. अभ्यासक्रमातला विषय म्हणून नव्हे, तर प्लेसमेंटसाठी, कुणीतरी बनवलेली प्रश्नांची 'शीट' पुढे ठेवून, सबमिशन आणि परीक्षा सांभाळून. ज्याच्याकडे निवांत सहा महिने आहेत तो पुढे जातो. नोकरी करून, लहान मूल सांभाळून, आजारी आईवडिलांचं बघून तयारी करणारा मागे पडतो. दहा-पंधरा वर्षं उत्तम काम केलेल्यांनाही यातून सुटका नाही. २०२३ च्या जानेवारीत गूगलने बारा हजार जणांना कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यांतल्या अनेक अनुभवी इंजिनिअरांना पुन्हा पहिल्यापासून ट्री आणि ग्राफचे प्रश्न सोडवायला बसावं लागलं असणार. ज्या परीक्षेची तयारी त्याच कामात मुरलेल्या माणसालाही नव्याने करावी लागते, ती त्या कामाची परीक्षा कितपत आहे, हे ज्याने त्याने ठरवावं.

भार केवळ वेळेचा नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध केले. प्रश्न तोच, फळाही तसाच. अर्ध्यांनी तो मुलाखतकारासमोर, बोलत बोलत सोडवला. उरलेल्यांना खोलीत एकटं सोडलं. कुणीतरी बघत असताना कामगिरी निम्म्याहून खाली आली. त्यातल्या मुलींपैकी समोर बसून सोडवणाऱ्यांत एकीलाही उत्तर जमलं नाही, एकांतात सोडवणाऱ्या सगळ्यांना जमलं. नमुना लहान होता, मुलींची संख्या तर आणखी लहान, त्यामुळे त्यावर मोठा मनोरा रचू नये. पण मुलाखत कौशल्याइतकंच दडपण सहन करणंही मोजते एवढं म्हणायला तो पुरेसा आहे, आणि दडपणाखाली गडबडलेली व्यक्ती कंपनीच्या दप्तरी 'कोडिंग कच्चं' म्हणूनच नोंदली जाते.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप न्यायाचा आहे, आणि मला तो मनापासून पटतो. वशिला, कॉलेजचं नाव, इंग्रजी बोलण्याची ढब यांवर नोकऱ्या वाटल्या जाण्यापेक्षा सगळ्यांना एकच कोडिंगचा प्रश्न टाकणं हजारपटीने बरं. लातूर-जळगावच्या कॉलेजातला मुलगा केवळ या फेरीच्या जोरावर आयआयटीवाल्याच्या बरोबरीने बसू शकतो. ही वाट बंद करा, असं मी म्हणत नाही. पण प्रश्न सगळ्यांना एकच, हे बऱ्याच ठिकाणी खरं नसतं; कोणता प्रश्न टाकायचा हे मुलाखत घेणारा आपल्या मर्जीने निवडतो, आणि एकाच्या वाट्याला ओळखीचा प्रश्न येतो, दुसऱ्याच्या वाट्याला अनोळखी. शिवाय या फेरीपर्यंत पोचायलाच आधी अर्जाच्या छाननीतून जावं लागतं. कंपनी कुठल्या कॉलेजच्या कॅम्पसवर येते आणि रेफरल द्यायला आत कुणी ओळखीचं आहे का, हे तिथे ठरवतं. संशोधन सांगतं ते हेच: ठरीव प्रश्न, ठरीव निकष, सर्वांना सारखी वागणूक असलेली मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा चांगली. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या गाजलेल्या आढाव्यात अशा मुलाखतीचा कामाशी असलेला सहसंबंध (१ म्हणजे तंतोतंत) ०.५१ होता. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की न पाहिलेल्या नाकारलेल्यांसाठी गणितात ज्या दुरुस्त्या करतात त्या आधी जास्त सढळ हाताने केल्या गेल्या होत्या. नवा आकडा ०.४२ आला. तरीही भरतीच्या साधनांत तीच पहिली. पण ०.४२ चा वर्ग साधारण ०.१८. म्हणजे हाताशी असलेलं सर्वोत्तम साधन माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकाचा पाचवा हिस्साही सांगू शकत नाही. असं साधन वापरणाऱ्याने आपल्या नकाराबद्दल नम्र असायला हवं.

तयारी करणं हीच चिकाटीची परीक्षा आहे, असंही म्हणतात. काही अंशी आहेच. पण चिकाटी मोजायची असेल तर ती ज्या कामात लागणार आहे त्या कामातच मोजावी. दुसऱ्याचा अपरिचित कोड वाचणं, चूक हुडकणं, बदल केल्यावर बाकीचं काही मोडलं नाही ना हे तपासणं, यांत इंजिनिअरचा दिवस जातो. घरी करायला दिलेला प्रकल्प हा पर्याय मलाही पसंत नाही. त्यात उमेदवाराचा शनिवार-रविवार फुकट जातो आणि ज्याला घरचं काम जास्त तो पुन्हा मागे.

बदल अशक्य आहे, अर्जांच्या प्रचंड संख्येपुढे इलाज नाही, हे म्हणणं अलीकडच्या घडामोडींनीच खोडून काढलं आहे. ऑनलाइन मुलाखतीत एआयकडून चोरून उत्तरं मिळवण्याची साधनं आली आणि २०२५ मध्ये गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी सांगितलं की निदान एक फेरी पुन्हा समोरासमोर घेतली जाईल. त्याच वर्षी मेटाने उमेदवाराला एआय वापरू देणारी कोडिंगची फेरी आजमावायला घेतली. चुकीचा माणूस आत येईल अशी शंका येताच खर्चाचा आणि सोयीचा विचार बाजूला ठेवून पद्धत बदलता आली. योग्य माणसं बाहेर राहतात, हे कितीतरी वर्षं ठाऊक असूनही तशी घाई कधी दिसली नाही. संख्येची अडचण खरी असेल, पण ती एकाच बाजूला आड येते.

करता येण्याजोगं बरंच आहे. उमेदवाराला चालू स्थितीतला छोटा कोड द्यावा, त्यात एक खरा दोष असावा, तो चालवू द्यावा, पहिली वीस मिनिटं एकटं सोडावं आणि मग त्याच्याशी बोलावं. सर्वांना तोच कोड, तेच निकष. नकार दिला तर दोन ओळींत कारण कळवावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, थोड्याशा फरकाने नाकारलेल्यांपैकी काहीजणांना दरवर्षी चिठ्ठ्या टाकून आत घ्यावं, ते कसे आले हे त्यांच्या मॅनेजरला सांगू नये आणि दोन वर्षांनी इतरांशी ताडून पाहावं. २०२२ च्या अखेरीस गूगलच्या मूळ कंपनीत, अल्फाबेटमध्ये, एक लाख नव्वद हजार लोक कामाला होते. त्यांच्यात असे शंभर जण म्हणजे सुमारे दोन हजारांत एक. शोधनिकालाच्या पानावरचा लहानसा बदलही दोन गटांवर आजमावल्याशिवाय पक्का न करणाऱ्या कंपनीला स्वतःच्या भरतीबाबत एवढा प्रयोग जड नाही.

पुणे-बंगळुरूपासून सिअ‍ॅटलपर्यंत या मुलाखती घेणाऱ्यांच्या खुर्चीत आज अनेक मराठी माणसं आहेत. त्यांना माझी विनंती आहे: समोरच्याला काही मिनिटं निवांत विचार करू द्या, अडला तर एक दिशा दाखवा, टिपणात जे दिसलं तेवढंच लिहा. आणि भरतीच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा की गेल्या पाच वर्षांत आपण ज्यांना नाही म्हटलं त्यांचं पुढे काय झालं, याची काही नोंद आहे का. हा प्रश्न आतल्यांनीच विचारायला हवा, बाहेर राहिलेल्याला तो विचारायची सोय नाही.